वॉर्डसभेत बोललो, पण लिहिलं गेलं का?



आज एका रजिस्टरपासून सुरुवात करते. लांबट, पुठ्ठ्याचं, कोपरे दुमडलेलं. ग्रामपंचायतीचा शिपाई ते काखेत घेऊन दुपारी घरोघर फिरतो. "ताई, इथं एक सही करा," म्हणतो. आपण पिठाचे हात पदराला पुसतो आणि सही करतो. कशाची सही, हे बहुतेक जणी विचारत नाहीत. विचारलंच तर "महिला सभेची आहे" एवढं उत्तर मिळतं. ती सभा कधी झाली, कुठं झाली, तिथं कोण काय बोललं, हे त्या रजिस्टरलाच माहीत.

मीसुद्धा अशा सह्या केल्या आहेत, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर तुम्ही म्हणाल, ही रेडिओवर बसून आम्हाला शिकवते.

गावाचं नाव सांगत नाही. बचत गटांच्या कामाला लागून मला तेव्हा दोन वर्षं झाली होती. गावाच्या खालच्या अंगाला एक वस्ती आहे. वरच्या घरांचं सांडपाणी उतारानं खाली येतं आणि हापशीजवळ साचतं. पावसाळ्यात तर हापशीचा ओटा पाण्यात. बाया एका पायावर उभ्या राहून पाणी भरायच्या. लेकरांना खरूज, तापाचं तर विचारूच नका. "तीन पावसाळे झाले, सांगून सांगून थकलो वं ताई," असं एक मावशी म्हणाल्या. कोणाला सांगितलं? सरपंचांना रस्त्यात सांगितलं, ग्रामसेवक भाऊंना बँकेजवळ सांगितलं, मेंबर तर शेजारचेच, त्यांना रोजच सांगतो.

आम्ही चौघीजणी ग्रामपंचायतीत गेलो आणि प्रोसिडिंग बघायला मागितलं. जरा कुरकुर झाली, पण मिळालं. त्यात महिला सभा छान झालेली होती. उपस्थित महिला त्रेचाळीस. विषय, गावविकास आराखडा. चर्चा, "सविस्तर चर्चा होऊन सर्वानुमते मंजूर." खाली सह्या. त्यात एक सही अशा सुनेची होती, जी त्या तारखेला बाळंतपणासाठी माहेरी होती. तिच्या सासूबाईंनी तिच्या नावापुढे सही ठोकून दिली होती, घरातलीच तर आहे म्हणून. आम्ही आधी हसलो. मग एकीनं मागची पानं चाळली, तेव्हा हसू गेलं. तीन वर्षांच्या पानांत "नाली" हा शब्द एकदाही नव्हता. तीन पावसाळे ज्या गोष्टीसाठी बाया तोंड दुखवत होत्या, ती सरकारी कागदावर जन्मलीच नव्हती. त्यामुळे कोणी ती नाकारलीही नव्हती. बिचाऱ्या नालीला नकारसुद्धा मिळाला नव्हता.

त्या दिवसापासून मी गटाच्या बैठकीत हप्ते, व्याज, बँकेची कर्जमर्यादा हे सगळं झालं की शेवटची दहा मिनिटं वॉर्डसभेसाठी ठेवते. आजचं बोलणं त्या दहा मिनिटांचंच आहे, फक्त जरा लांबलेलं.

आधी या सभा कोणत्या, ते बघू. ग्रामसभा सगळ्यांना माहीत आहे. गावाच्या मतदार यादीत ज्यांचं नाव, ते सगळे ग्रामसभेचे सदस्य. निवडून यावं लागत नाही, फॉर्म भरावा लागत नाही. घटनेची ७३वी दुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली आणि ग्रामसभेला घटनेत जागा मिळाली. आपल्या राज्याचा कायदा त्याहून जुना, १९५८ सालचा ग्रामपंचायत अधिनियम. त्यानुसार वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात. पुरेसं कारण नसताना सरपंचांनी त्या घेतल्या नाहीत, तर त्यांचं पद जाऊ शकतं आणि ग्रामसेवकावर कारवाई होऊ शकते. म्हणून तर सह्यांचं रजिस्टर घरोघर फिरतं! सभा घेतल्याचा पुरावा त्यांनाही हवाच असतो.

या प्रत्येक नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घेणं बंधनकारक आहे. ती गंमत म्हणून नाही. मोठ्या सभेत पारावर पुरुष पुढे बसतात, आपण देवळाच्या भिंतीला टेकून मागे उभ्या राहतो, दीर-सासरे समोर असतात, तोंड उघडत नाही. ते कायदा करणाऱ्यांनाही ठाऊक होतं. महिला सभेत जे ठरतं ते ग्रामसभेपुढे ठेवायचं, असा तो मार्ग.

आणि वॉर्डसभा. आपल्या ग्रामपंचायती सात ते सतरा सदस्यांच्या असतात आणि गावाचे वॉर्ड पाडलेले असतात. एका वॉर्डातून साधारण दोन-तीन मेंबर निवडून जातात. त्या वॉर्डातल्या मतदारांनी आपल्या गल्लीचा, वस्तीचा, तांड्याचा विचार करायचा, ती वॉर्डसभा. २०१५ नंतर "आमचा गाव, आमचा विकास" या नावानं ग्रामपंचायतींनी आराखडा करायला सुरुवात केली, तेव्हापासून वॉर्डसभा, महिला सभा, बालसभा, वंचित घटकांची सभा हे शब्द तुमच्या कानावर आले असतील. आधी या लहान सभा, मग ग्रामसभा, असा तो क्रम.

इथं एक घोटाळा दूर करते, कारण आमच्या गटांतल्या बाया हमखास यात अडकतात. उमेदमध्ये आपण "प्रभागसंघ" म्हणतो, तो अनेक गावांच्या ग्रामसंघांचा मिळून असतो. गावातला वॉर्ड म्हणजे तो प्रभाग नव्हे. एकदा एक सीआरपी ताई वॉर्डसभेचा निरोप ऐकून प्रभागसंघाच्या कार्यालयात जाऊन बसल्या होत्या. त्यांचा अख्खा दिवस गेला.

शहरातल्या मैत्रिणी विचारतील, आमचं काय? वाशीम, कारंजा, रिसोड, मंगरुळपीर इथं नगरपरिषद आहे, मालेगाव आणि मानोऱ्याला नगरपंचायत. तिथं ग्रामसभा नाही. ७४व्या दुरुस्तीनं शहरांसाठी वॉर्ड समित्या सांगितल्या, पण त्या तीन लाख किंवा त्याहून जास्त लोकसंख्येच्या शहरांत सक्तीच्या. आपलं वाशीम २०११ च्या जनगणनेत लाखाच्याही आत होतं. म्हणजे या बाबतीत खेड्यातली बाई शहरातल्या बाईपेक्षा श्रीमंत आहे. शहरातल्यांनी नगरसेवकांकडे लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. पोचेचं पुढे सांगणारच आहे.

आता कोरमचं गणित, कारण इथं खरी मेख आहे. ग्रामसभेला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यांपैकी जो आकडा कमी असेल तेवढे लोक लागतात. चारशे मतदारांच्या गावात साठ. बाराशेच्या गावात १५ टक्के म्हणजे एकशे ऐंशी होतात, पण शंभरावर भागतं. तेवढे आले नाहीत तर सभा तहकूब होते. आणि तहकूब सभा पुन्हा भरते, तेव्हा तिला कोरम लागत नाही. पाच जण असले तरी चालतं. फक्त तिथं नवा विषय घेता येत नाही, आधीच्या यादीवरचेच विषय चालतात. कळलं का? आपण पहिल्या दिवशी "आज तर काही होत नाही" म्हणून घरी राहतो, दुसऱ्या वेळी पाच जण बसून सगळं मंजूर करतात, आणि ते कायद्यानं बरोबर असतं. त्यात कोणाची लबाडी असेलच असं नाही. आपली गैरहजेरी मात्र नक्की असते.

गैरहजेरीचं कारण आळस नाही, हेही सांगितलं पाहिजे. पुढच्या वर्षाच्या आराखड्याची मोहीम साधारण २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून सुरू होते. दिल्लीच्या कॅलेंडरात ती तारीख फार शोभते. आपल्याकडे तेव्हा काय चालू असतं? सोयाबीनची सोंगणी. वाशीम जिल्ह्यात त्या दिवसांत सकाळी नऊला गावात बाई सापडली तर ती आजारी किंवा बाळंतीण. मजुरीचे हेच दिवस, आणि पाऊस आला तर उभं पीक जातं. अशा वेळी सकाळी अकराची महिला सभा लावली, तर रजिस्टर घरोघरच फिरणार. मानोऱ्याकडच्या तांड्यांवर तर वेगळीच अडचण. दसरा-दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला टोळ्या निघतात आणि तांडा रिकामा होतो. आराखडा होतो तेव्हा तांड्यावर म्हातारी माणसं आणि कुलपं. त्यातून तांडा गट ग्रामपंचायतीत असेल, तर सभा दुसऱ्याच गावात. मग रस्ता, पाणी, समाजमंदिर सगळं मोठ्या गावाकडे जातं, आणि तांड्याच्या वाट्याला वसंतराव नाईक तांडा-वस्ती सुधार योजनेची वाट बघणं येतं. म्हणून तांड्याच्या वॉर्डाची सभा तांड्यावरच झाली पाहिजे, आणि टोळी निघायच्या आधी झाली पाहिजे. हे मागायला कोणाची भीती नको.

वेळेचंही तसंच. आम्ही त्या खालच्या वस्तीत मेंबर ताईंना सांगून वॉर्डसभा संध्याकाळी सातला ठेवायला लावली, स्वयंपाकाच्या आधी. अर्धा तास उशीर होईल, जेवायला थांबा, असं घरच्यांना सांगून बाया आल्या. एक-दोन घरांत त्यावरून कुरबूर झाली. झालीच.

आता पैशाकडे येते. "ग्रामपंचायतीत पैसा नाही" हे वाक्य आपण इतकं ऐकलं आहे की ते खरंच वाटतं. प्रत्येक ग्रामपंचायतीला वित्त आयोगाचा निधी येतो. पंधराव्या वित्त आयोगात आपल्या राज्यात त्यातला ८० टक्के वाटा ग्रामपंचायतींना, उरलेला निम्मा निम्मा पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेला, अशी वाटणी ठरली. २०२१-२२ पासून ग्रामपंचायतीच्या निधीतले ६० टक्के बंधित ठरले, म्हणजे ते ठरलेल्या कामालाच लावायचे. कोणत्या? निम्मे पिण्याच्या पाण्यासाठी, निम्मे स्वच्छतेसाठी. उरलेले ४० टक्के अबंधित, गावाच्या गरजेप्रमाणे. समजा एका ग्रामपंचायतीला दहा लाख आले. त्यातले तीन लाख पाण्याचे, तीन लाख स्वच्छतेचे, चार लाख इतर. या आयोगाचा काळ मार्च २०२६ पर्यंतचा, पुढच्या आयोगाची वाटणी काय आहे ते आपल्या ग्रामपंचायतीत विचारून घ्या. पण मुद्दा लक्षात आला ना? सांडपाणी आणि प्यायचं पाणी ही बायांची रोजची दोन दुखणी, आणि त्यांच्यासाठी निधीत हात राखून ठेवला होता. देवळासमोर पेव्हर ब्लॉक बसवायला स्वच्छतेचे पैसे वापरता येत नाहीत.

शिवाय ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातून, म्हणजे घरपट्टी, बाजार वगैरे जे जमतं त्यातून, १० टक्के महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचे असतात. १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, ५ टक्के दिव्यांगांसाठी. लहान गावात ही रक्कम फार मोठी नसते. पण महिला सभेत सरळ विचारायचं की मागच्या वर्षी आमच्या १० टक्क्यांतून काय घेतलं. एका ठिकाणी उत्तर आलं, "खुर्च्या." कुठल्या खुर्च्या? ग्रामपंचायतीच्या. आम्ही त्या खुर्च्यांवर बसूनच पुढची सभा घेतली.

इथं मला आपल्या जिल्ह्यातल्या सायखेड्याच्या ताई आठवतात. २०१५ मध्ये त्यांनी मंगळसूत्र विकून घरी संडास बांधला. पेपरात आलं, तेव्हाच्या ग्रामविकास मंत्र्यांनी सत्कार केला. मला त्यांचा अभिमान वाटतो, आणि तेवढाच एक प्रश्नही पडतो. संडासासाठी त्या काळात स्वच्छ भारतमधून बारा हजारांचं अनुदान होतं. एका बाईला गळ्यातलं काढावं लागतं, तेव्हा तिच्यात आणि त्या अनुदानात नेमकं काय अडलेलं असतं? कागद, माहिती, यादीत नाव. हे सगळं सभेतच हलतं किंवा अडतं.

परत आमच्या नालीकडे. त्या संध्याकाळच्या वॉर्डसभेला अठ्ठावीस बाया आणि सात-आठ माणसं होती. सगळ्यांचं एकमत झालं असं तुम्हाला वाटत असेल तर तसं नाही. रोडवरच्या घरांना नाली नकोच होती. त्यांचं पाणी खाली जात होतं, त्यांना त्रासच नव्हता. त्यांना दिवे हवे होते, तेही बरोबरच, कारण शिकवणीहून पोरी अंधारात येतात. एक काकू तर म्हणाल्या, "नाली केली की घाण आमच्या दारात उघडी पडते." त्याही चुकीच्या नव्हत्या. उघडी नाली आणि तिच्यात साचलेला गाळ सगळ्यांनी पाहिला आहे.

मग एकीनं नांदेडचं सांगितलं. तिच्या बहिणीचं सासर तिकडे. नांदेड जिल्ह्यात हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णी गावानं घरोघर शोषखड्डे घेऊन नाल्याच बंद केल्या, डास कमी झाले, आणि पुढे तो नांदेड पॅटर्न म्हणून राज्यभर गेला. खड्डा, त्यात वर भोकं पाडलेली टाकी, भोवती दगड-गिट्टी, सांडपाणी त्यातून जमिनीत मुरतं. रोजगार हमीतून ते करता येतात. आम्ही त्यावर बराच वेळ घालवला. आपल्याकडे काळी चिकट जमीन, पाणी लवकर मुरत नाही. वरवर खड्डा केला तर तो महिनाभरात तुंबतो. खाली मुरूम लागेपर्यंत खणावं लागतं. वरच्या घरांजवळ मुरूम लवकर लागतो, हे घर बांधलेल्या सगळ्यांनाच माहीत होतं. खालच्या वस्तीत मात्र काळं रान. म्हणून असं ठरलं की वरच्या घरांनी शोषखड्डे घ्यायचे, म्हणजे उतारानं येणारं पाणीच कमी होईल, आणि खाली हापशीपासून ओढ्यापर्यंत झाकलेली नाली. हे कुठल्या इंजिनिअरनं सांगितलं नाही. उतार कुठं, मुरूम कुठं, पाणी कुठून येतं, हे तिथं राहणाऱ्या बाईला चपलेच्या तळव्यानं माहीत असतं. वॉर्डसभेचा खरा उपयोग हाच. जिल्ह्याला किंवा तालुक्याला "नाली बांधकाम" एवढंच कळतं.

आणि मग लिहायची वेळ आली. ग्रामसेवक भाऊंनी लिहिलं, "वॉर्डातील सांडपाण्याची समस्या सोडवण्याबाबत चर्चा झाली." मी म्हटलं, भाऊ, चर्चा नको, ठराव लिहा. ते जरा नाराज झाले, पण माणूस वाईट नाही. त्यांच्याकडे तीन गावं, त्यात घरकुलाच्या याद्या, करवसुली, पोर्टलवर माहिती भरणं. थकलेला माणूस मोघमच लिहितो. म्हणून आपण तयारीनं जावं.

ठराव असा असावा. विषय काय, ते एका ओळीत. काम कुठून कुठपर्यंत, ते खुणेसकट: अमुक हापशीपासून ओढ्यापर्यंत, अंदाजे इतके फूट. आम्ही आदल्या दिवशी दोरीनं मोजलं होतं, साधारण तीनशे फूट भरलं. कोणत्या निधीतून, बंधित की अबंधित की रोजगार हमी. किती घरांना फायदा. सूचक कोण, अनुमोदक कोण, दोघांची पूर्ण नावं. आणि ठरावाचा क्रमांक. मग तो मोठ्यानं वाचून दाखवायला सांगायचा. हा भाग सोडू नका. वाचताना चुका तिथल्या तिथे निघतात. आमच्यात "झाकलेली" हा शब्द राहून गेला होता, तो वाचताना सापडला. शेवटच्या ओळीखाली मोकळी जागा ठेवू देऊ नका, तिथेच आडवी रेघ मारायला सांगा आणि मग सह्या. पानाचा मोबाईलवर फोटो काढा. कोणी म्हणालं फोटो काढता येत नाही, तर भांडू नका. माहितीच्या अधिकारात दहा रुपये भरून अर्ज केला की तीस दिवसांत नक्कल द्यावी लागते. दारिद्र्यरेषेखालच्यांना ते दहा रुपयेही नाहीत.

याच्या जोडीला वॉर्डातर्फे एक साधा अर्ज दोन प्रतींत द्या. एक त्यांच्याकडे, दुसरीवर तारीख, सही आणि शिक्का, ती पोच. आमच्या त्या मावशी आता पोच शिक्षणाच्या कागदांसारखी प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवतात. त्यांच्या नातवाच्या दाखल्यांजवळच.

बचत गटाच्या बायांसाठी एक वाट आणखी आहे. आपण गटात बसून दरवर्षी व्हीपीआरपी भरतो, कोणाला रेशनकार्ड नाही, कोणाला पेन्शन नाही, कोणाला शेळ्या पाहिजेत, वस्तीत कोणती सोय नाही. ते सगळे ग्रामसंघात एकत्र होतात आणि ग्रामसंघानं तो आराखडा ग्रामपंचायतीला द्यायचा असतो, म्हणजे तो गावच्या आराखड्यात मिसळेल. खरं सांगते, बरेचदा आपण तो मोबाईलवर भरतो आणि आपलं काम संपलं समजतो. ग्रामसंघाच्या अध्यक्ष आणि सचिव ताईंनी तो कागदावर घेऊन, पोच घेऊन द्यायला हवा, आणि ग्रामसभेत तो वाचायला लावायला हवा. यात माझीही चूक झालेली आहे. पहिली दोन वर्षं मी फक्त भरण्याचा आकडा वर कळवला, दिला की नाही ते बघितलं नाही.

मेंबर ताईंबद्दलही बोलायला हवं. २०११ पासून आपल्या राज्यात ग्रामपंचायतीतल्या निम्म्या जागा बायांच्या आहेत. म्हणजे तुमच्या वॉर्डात बहुतेक एक तरी बाई मेंबर आहे, कदाचित तुमच्याच गटातली. ती बोलत नाही, तिचे मालक बोलतात, हे आपण सगळे पाहतो आणि हसतो. "सरपंचपती" शब्दावर हसणं सोपं आहे. पण ती सभेत पहिल्यांदा उभी राहते, आवाज कापतो, तेव्हा मागच्या भिंतीला टेकून "आली मोठी" म्हणणाऱ्याही आपल्याच असतात. आमच्या त्या वस्तीतल्या मेंबर ताईंना आम्ही एक गोष्ट सांगितली. तुम्ही भाषण नका करू, फक्त आमचा ठराव वाचा. त्यांनी ग्रामसभेत कागद धरून वाचला. मालक बाजूला बसून होते. मध्येच त्यांनी "मी सांगतो" म्हणून हात केला, तेव्हा एका म्हातारीनं त्यांना सुनावलं, "तुम्ही बसा जी, बाईला वाचू द्या." एवढ्यानं गाव बदललं असं मी म्हणत नाही. ताईंनी मात्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं.

ग्रामसभेत ठराव झाला. नंतरचं काम मोबाईलवर होतं. ई-ग्रामस्वराज हे केंद्राचं पोर्टल आहे, २०२० मध्ये सुरू झालेलं. त्यावर राज्य, जिल्हा, तालुका निवडून आपल्या ग्रामपंचायतीचा आराखडा बघता येतो, कोणतं काम घेतलं, किती रक्कम धरली, किती खर्च दाखवली. बारावी झालेली कोणाची तरी मुलगी हे सहज करते. आमच्या गटात हे काम एका सुनेकडे दिलं आहे. ती दर दोन महिन्यांनी बघून गटात वाचून दाखवते. एकदा तिनं वाचलं की आपल्या वॉर्डात "कचराकुंडी" झालेली आहे. आम्ही सगळ्या उठून कचराकुंडी शोधायला गेलो. ती दुसऱ्या वॉर्डात सापडली, पण सापडली हे बरं.

नालीचं काय झालं? त्या वर्षीच्या आराखड्यात ती धरली, पण निम्मीच. हापशीपासून मधल्या चौकापर्यंत. पुढचं पाणी अजून ओढ्यापर्यंत उघडंच जातं. वरच्या घरांपैकी नऊ जणांनी शोषखड्डे घेतले, दोन तुंबले, ज्यांनी मुरूम लागायच्या आधीच खणणं थांबवलं त्यांचे. हापशीचा ओटा मात्र गेल्या पावसाळ्यात कोरडा होता. ज्या काकूंना नाली दारात नको होती, त्यांनी झाकणांवर तुळशीची कुंडी ठेवली आहे. सफाईला ती उचलावी लागते, त्यावरून आता वेगळा वाद आहे.

राहिलेल्या निम्म्या नालीचा ठराव आम्ही यंदा पुन्हा लिहून तयार ठेवला आहे, फुटांसकट. सोंगणी सुरू व्हायच्या आधी, गणपती उठले की त्या आठवड्यात, संध्याकाळी सातला वॉर्डसभा आहे, वस्तीतल्या समाजमंदिरासमोर. शिपाई भाऊंना सांगून ठेवलं आहे की रजिस्टर घरोघर नेऊ नका, सात वाजता तिथेच आणा. सह्या आम्ही शेवटी करू.